खिडकीचा गज

चि. पोरास अनेक आशीर्वाद,

जहाजावरच्या पहाऱ्याबद्दलचं तुझं पत्र मिळालं. आर्पावर, म्हणजे रडारवरच्या ठिपक्यांचा मार्ग मोजणाऱ्या यंत्रावर, सीपीए (दोन जहाजांमधलं सगळ्यात कमी होणारं अंतर) दीड मैल होता, तरी मासेमारीची बोट पाव मैलावरून गेली. एआयएसवर, म्हणजे जहाजं आपली ओळख रेडिओनं कळवतात त्या यंत्रणेवर, तर ती नव्हतीच. मग चूक कोणाची, असं विचारतोस. काऊन रे, बेअरिंग, म्हणजे ती बोट होकायंत्रावर किती अंशांत दिसते ती दिशा, घेतलं होतंस का? चार पानांत तो शब्द एकदाही नाही.

सुट्टीत यवतमाळहून गावाकडे एसटीनं येशील तेव्हा खिडकीतून बघ. आडव्या पांदणीनं एखादा ट्रॅक्टर रस्त्याकडे येत असतो. तो खिडकीच्या गजाच्या मागं किंवा पुढं सरकत असेल तर चिंता नाही. एकाच गजावर चिकटून राहिला आणि मोठा होत गेला, की फाट्यावर गाठ पडलीच समज. समुद्रावरही तसंच. दिशा तीच, अंतर कमी, म्हणजे टक्कर. समुद्रावरच्या टकरी टाळायच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतला सातवा नियम हाच आहे, आणि रडारच्या तुटपुंज्या माहितीवर अंदाज बांधू नका हेही त्यातच बजावलंय.

तेव्हा विंगवर, म्हणजे ब्रिजच्या (जहाज चालवायच्या खोलीच्या) बाजूच्या सज्जावर, जा. तिथल्या जायरो रिपीटरवरून (होकायंत्राच्या तबकडीवरून) बेअरिंग घे, वेळ लिही. तीन मिनिटांनी पुन्हा घे. मग पुन्हा. आठ मैलांवर दिवे दिसले की तिथूनच सुरुवात कर, कारण दोन जहाजं १२-१२ नॉटनं (ताशी सागरी मैलांनी) समोरासमोर येत असली तर ते आठ मैल २० मिनिटांत संपतात. जहाज फार मोठं असेल, मागं टो, म्हणजे ओढून नेलेलं जहाज, असेल किंवा अंतर अगदी कमी असेल, तर बेअरिंग थोडं सरकतंय यावरही विसंबू नकोस. नाक निसटेल, शेपूट लागेल.

आर्पा खोटा नाही. पण लक्ष्य धरल्यावर भरवशाचा आकडा द्यायला त्याला तीनेक मिनिटं लागतात, आणि समोरचा सरळच जाणार असं तो धरून चालतो. जाळं ओढणारी बोट सरळ जाते का? ती वळली तरी वेक्टर, म्हणजे पडद्यावरची दिशारेषा, थोडा वेळ जुनीच दिशा दाखवतो. टक्कर टाळायच्या कामात त्याला जीपीएसचा नाही, लॉगचा म्हणजे पाण्यातला वेग दे. आणि पावसाळ्यात सी क्लटर (रडारवरची लाटांची खरखर) पूर्ण दाबलास तर लाटांबरोबर लाकडी बोटीचा ठिपकाही पुसला जातो. पडद्यावर थोडी खरखर राहू दे. सोयाबीन उफणताना कुटारासोबत दाणेही उडवतो का आपण?

२०१८ च्या नोव्हेंबरात नॉर्वेची हेल्गे इंगस्टाड ही फ्रिगेट (युद्धनौका) सोला टीएस या टँकरला धडकली. टँकरच्या डेकवर दिव्यांचा झगमगाट होता. फ्रिगेटच्या ब्रिजवरच्यांनी तो धक्क्याजवळची स्थिर वस्तू समजला! बेअरिंग आणि अंतर दोनदा वहीत मांडलं असतं, तर ती वस्तू आपल्याकडे चालून येतेय हे कळलं असतं.

कॅप्टन झोपला होता म्हणून फोन केला नाहीस, हे वाचून मात्र राग आला. २०१७ साली अमेरिकेच्या फिट्झजेराल्ड या युद्धनौकेची टक्कर होऊन तिच्यावरचे सात खलाशी गेले. उजवीकडून येणाऱ्या एसीएक्स क्रिस्टल या मालवाहू जहाजाला वाट द्यायची होती तिनं, आणि पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्यानं कॅप्टनला कळवलंच नाही. ओरडला तर ओरडू दे. तो स्पष्ट शब्दांत ताबा घेईपर्यंत जहाज तुझंच. तोवर हातावर हात ठेवून बसू नकोस. वळायचं तर लवकर आणि ठळक वळ. पाच अंशांचं वळण रात्री कुणाच्या लक्षात येत नाही, ३० अंश वळलास तर त्याला तुझे दिवे बदललेले दिसतात. व्हीएचएफ रेडिओवर कोण कुठून जाणार याचे सौदे करत बसू नकोस. पलीकडे नक्की कोणतं जहाज बोलतंय याचीच खात्री नसते.

रात्री एबीला, म्हणजे पहाऱ्यावरच्या खलाशाला, साफसफाईला खाली पाठवतात म्हणतोस. जागलीला माळ्यावर बसलेल्या गड्याला कुणी मध्यरात्री गोठा झाडायला पाठवतं का? तेवढ्यात रोही शिरतात. तसा हुकूम आला तर सरळ सांग की लुकआउट, म्हणजे नजर ठेवणारा माणूस, हवाच. पाचवा नियम डोळे आणि कान मागतो, आणि चार्टवर वाकलेल्या तुझ्याकडे तेव्हा दोन्ही नसतात.

तुमच्या पिढीला नावं ठेवणं सोपं आहे. तुमच्या हाती पडदे आम्हीच दिले आणि विंगचं दार उघडायला शिकवलं नाही, ही खंत माझी. म्हणून मला जुनाट म्हण, मी बेअरिंग बेअरिंग करतच राहणार.

पुढच्या पत्रात हवापाणी नको. एकाच जहाजाची पाच बेअरिंगं, वेळेसकट, लिहून पाठव. आणि बाबांना फोन कर, कापूस वेचणीला आलाय.

तुझा काका