आर्किटेक्चर आणि ऑर्गनायझेशन: दोघांनाही 'रचना'च म्हणायचं का?

प्रश्न असा आहे: 'कॉम्प्युटर आर्किटेक्चर' आणि 'कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन' हे शब्द एकाच वाक्यात आले, तर मराठीत काय लिहावं? 'संगणक रचना' एकदाच लिहून भागेल का?

नाही भागणार, कारण मूळचा भेदच त्यात बुडतो.

आर्किटेक्चर म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्याला प्रोसेसर जसा दिसतो ते: आज्ञा कोणत्या, रजिस्टरं (प्रोसेसरच्या आतल्या, आकडे तात्पुरते ठेवायच्या जागा) किती आणि किती बिटांची, मेमरीतला पत्ता कसा सांगायचा. ऑर्गनायझेशन म्हणजे त्या आज्ञा पाळण्यासाठी आत काय नि कसं बसवलंय: बस (डेटा ने-आण करणारा तारांचा मार्ग) किती रुंद, कॅश (हाताशी ठेवलेली छोटी, जलद मेमरी) आहे की नाही, पाइपलाइनचे (एकामागोमाग आज्ञा टप्प्याटप्प्याने पाळायच्या साखळीचे) टप्पे किती. इंटेलचे ८०८६ आणि ८०८८ हे प्रोसेसर घ्या. आज्ञा त्याच, रजिस्टरंही तीच १६ बिटांची. पण ८०८६ची बाहेरची डेटा बस १६ बिटांची, तर ८०८८ची ८ बिटांची. त्यामुळे १६ बिटांचा आकडा मेमरीतून आणायला ८०८८ला दोन खेपा पडतात. प्रोग्राम मात्र एका अक्षराचाही बदल न करता दोन्हीकडे चालतो, ८०८८वर जरा रेंगाळतो इतकंच. आर्किटेक्चर एक, ऑर्गनायझेशन दोन.

'आर्किटेक्चर'चा हा अर्थ रुळला तो मुख्यतः आयबीएममुळे. १९६४ साली तिची सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका आली, तेव्हा तिथल्याच आम्डाल, ब्लाऊ आणि ब्रुक्स यांनी तिच्यावरच्या लेखात तो नेमका करून मांडला. लहानमोठी यंत्रं आतून वेगवेगळी असली तरी एकावरचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालावा, हा हेतू. मॉडेल ३० आतल्या आत ८-८ बिट हलवायचं, मॉडेल ५० एकदम ३२. प्रोग्रामला दोन्हीकडे ३२ बिटांचीच रजिस्टरं दिसत.

आता मराठी. 'संगणक संघटना' वाचलं की संगणक उद्यापासून संपावर जाणार असं वाटतं. 'संघटन'लाही माणसं जमवल्याचा वास येतोच. 'स्थापत्य' सिव्हिल इंजिनिअरिंगवाल्यांनी केव्हाच ताब्यात घेतलंय. राहिला 'वास्तुरचना'. मला तो आवडतो. वास्तू हा शब्द 'वस्' म्हणजे राहणे या धातूपासून आलेला, आणि प्रोग्राम त्या यंत्रात राहायलाच तर येतात. दारं-खिडक्या कुठे हे त्यांना कळलं की पुरे, भिंतीआडचे नळ कुठून कसे फिरवलेत याच्याशी त्यांना काय करायचंय! (प्रोसेसरचं तोंड पूर्वेला हवं का, हे कृपया विचारू नये.)

ऑर्गनायझेशनसाठी काही जण 'अंतर्रचना' सुचवतात. गंमत अशी की संस्कृत संधिनियमाने तिथे एक र गळून आधीचा स्वर दीर्घ होतो, म्हणजे शब्द व्हायला हवा 'अंतारचना'. 'अंताराष्ट्रीय'सारखाच, आणि तोही मराठीत कोणी म्हणत नाही. त्यापेक्षा 'अंतर्गत मांडणी' बरं. फोड करून सांगावी लागत नाही.

म्हणून शीर्षकात 'संगणकाची वास्तुरचना आणि अंतर्गत मांडणी' लिहा. आत मजकुरात 'आर्किटेक्चर' तसंच ठेवलं तरी माझी हरकत नाही, कारण शिकणारे आणि शिकवणारे सगळे तेच म्हणतात. मात्र त्याच ओघात 'इन्स्ट्रक्शन सेट'ला, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या सगळ्या आज्ञांना, 'आज्ञावली' करू नका. मराठीत आज्ञावली म्हणजे प्रोग्राम, ते नाव आधीच दिलं गेलंय. 'आज्ञासंच' चालेल.