किनाऱ्यावरच्या जुन्या घरातील संग्रहालयासाठी काम करताना

पुण्यात राहून कोकणातल्या लहान गावी, जुन्या घरातील संग्रहालयासाठी तुम्ही नव्याने काम करणार आहात, याचा मला मनापासून आनंद वाटतो. पहिला आग्रह नोंदवहीचा धरा. वस्तू आत आली की तिला क्रमांक द्या आणि ती कोणाच्या घरची, कोण कशासाठी वापरत असे, हे देणाऱ्याच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून घ्या. कारण पितळी समई बाजारात कुठेही मिळते, पण ती कोणाच्या माजघरात कोणत्या निमित्ताने लागत असे, हे ती देणाऱ्या आजींखेरीज कोणी सांगू शकत नाही. तिच्यावर चढलेला काळसर रंग चिंचेने घासून काढण्याचा मोहही टाळा.

तिथली हवा पुण्यासारखी नाही. खाऱ्या दमटपणाने लोखंड गंजते आणि कागदाला बुरशी धरते, म्हणून कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा व पावसाळ्यात त्यांची मागची बाजू वरचेवर तपासा. मोडी कागदांचे लॅमिनेशन कधीही करू नका, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका आणि त्यांच्याजवळ बसताना हातात फक्त पेन्सिल असू द्या.

घर हीच संग्रहातील सर्वांत मोठी वस्तू आहे, हे रत्नागिरीचे टिळक जन्मस्थान पाहिल्यावर पटते. जांभ्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा देण्याचा प्रस्ताव आला, तर ठाम विरोध करा. सिमेंटमुळे ओल आत कोंडते, चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडू शकते.