आउटबोर्डच्या लोअर युनिटला टोकदार नाक बसवल्याने होडीचा वेग वाढेल का?

तुमची 19 फुटी फायबरची होडी 40 हॉर्सपॉवरच्या टू-स्ट्रोक आउटबोर्डवर (होडीच्या मागे टांगलेल्या इंजिनवर), दोनच माणसे असताना, 5,000 आरपीएमला 18 नॉटच्या पुढे जात नाही. म्हापशातला एक लेथवाला लोअर युनिटला (इंजिनच्या पाण्यात बुडणाऱ्या, गिअर असलेल्या खालच्या भागाला) टोकदार नाक बसवून खालचा स्केग (पंख्याखाली येणारी पातळ उभी पट्टी) कापून देण्यास तयार आहे. ते करून घ्यावे का, असा तुमचा प्रश्न आहे. माझे उत्तर नाही असे आहे. गोव्यातल्या शापोरा नदीच्या पात्रात मी बरीच वर्षे स्वतःची होडी चालवतो आणि तिची दुरुस्तीही स्वतःच करतो. तुमच्या प्रश्नात दिलेल्या आकड्यांवरून दोष दुसरीकडेच असल्याचे दिसते.

पंख्याची (प्रोपेलरची) पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जितका पुढे सरकायला हवा ते अंतर, 13 इंच आणि गिअरचे गुणोत्तर 2:1 असल्याचे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे इंजिन 5,000 वर असताना पंखा मिनिटाला 2,500 फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात तो 13 इंच पुढे सरकला, तर ताशी सुमारे 49.5 किलोमीटर व्हायला हवेत. प्रत्यक्षात तुम्हाला 18 नॉट, म्हणजे साधारण 33 किलोमीटर मिळतात. पाणी घट्ट नसल्यामुळे थोडी घसर राहणारच, पण हलक्या होडीत ती 10 ते 20 टक्के असावी. तुमच्याकडे ती जवळजवळ 33 टक्के आहे. एवढी घसर लोअर युनिटच्या नाकाच्या आकारामुळे होत नाही.

टोकदार नाकाचा शोध शर्यतीच्या होड्यांसाठी लागला. ताशी 100 किलोमीटरच्या बऱ्याच पुढे गेल्यावर बोथट गिअरकेसच्या (लोअर युनिटच्या कवचाच्या) बाजूंवर पाण्याचा दाब इतका कमी होतो की तिथे वाफेचे बुडबुडे तयार होतात, ते मागे पंख्यापर्यंत पसरतात आणि पंख्याची पकड अचानक सुटते. नाक लांब आणि निमुळते केले की ही वेळ पुढे ढकलली जाते. ताशी 33 किलोमीटरला हा प्रश्न उद्भवतच नाही. शिवाय असे नाक बसवताना कूलिंगचे पाणी घेणारी छिद्रे बाजूवरून काढून अगदी खाली टोकाजवळ आणतात. आपल्याकडे नदीच्या मुखावर ओहोटीला रेती उसळत असते, तेव्हा तिथून पाण्यासोबत किती रेती पंपात जाईल याचा विचार करा. वेल्डिंगच्या उष्णतेने आतली बेअरिंगची बैठक जागची हलण्याचा धोका वेगळाच. स्केग तर मुळीच कापू नका. उथळ जागी पंख्याआधी मार तोच खातो, आणि होडी सरळ धरून ठेवायला व वळवायलाही तोच मदत करतो.

तुमच्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: पंख्याच्या वरची आडवी प्लेट होडीच्या तळापेक्षा तीन इंच खाली आहे. (सगळे तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, पण तिचे खरे काम वरची हवा पंख्यापर्यंत येऊ न देणे हे आहे.) ही प्लेट तळाच्या पातळीत किंवा फार तर इंचभर वर असावी. बहुधा 20 इंची लाँग शाफ्ट (लांब पायाचे) इंजिन त्याहून बुटक्या ट्रान्समवर (होडीच्या मागच्या उभ्या फळीवर) टांगलेले असावे, एकदा मोजून पाहा. तसे असेल तर इंजिनचा पाय विनाकारण पाण्यात ओढला जातो आहे. ट्रान्समवर सागवानी पट्टी नीट बोल्ट करून इंजिन वर घ्या, पण एका वेळी अर्धाच इंच.

अर्ध्या इंचाचा आग्रह मी अनुभवाने धरतो. एकदा मी उतावळेपणाने इंजिन एकदम दोन इंच वर घेतले. मोरजीच्या बाजूला वळताना पंख्याने हवा धरली आणि इंजिन किंचाळले. थोड्या वेळाने कूलिंगच्या पाण्याची धार आधी तुटक झाली, मग तिच्यातून वाफ येऊ लागली. वल्ही मारत परत आल्यावर पंप उघडला, तेव्हा इंपेलरची (पाणी ढकलणाऱ्या चाकाची) रबरी पाती भाजून आतल्या भिंतीला चिकटलेली होती. म्हणून प्रत्येक अर्ध्या इंचानंतर पूर्ण थ्रॉटलवर सरळ आणि वळणात जाऊन धार पाहा. धार जराशी जरी बारीक झाली, तरी पट्टी खाली घ्या.

लोअर युनिटवर काही करायचेच असेल तर ते साफ करा. गिअरकेसवरच्या बारीक शिंपल्या लाकडी पट्टीने खरवडून काढा. स्केगच्या पुढच्या धारेवरचे खाचखळगे कानसीने घासा, दोन्ही बाजू सारख्या ठेवून, नाहीतर स्टिअरिंग एका बाजूला ओढेल. तांब्याचा अँटिफाउलिंग (शिंपल्या चिकटू न देणारा) रंग अॅल्युमिनियमवर लावू नका, कारण तो धातू खातो. आणि झिंकच्या अॅनोडवर (इंजिनचा धातू वाचवण्यासाठी स्वतः झिजणाऱ्या तुकड्यावर) तर कुठलाच रंग नको. हात लागलेच आहेत तर गिअर ऑइलही पाहा. ते दुधाच्या चहासारखे दिसले, तर सील गेले आहे आणि वेगाचा विचार त्यानंतरचा.

पंख्याची पाती वाकलेली असतील तर तेही घसरीचे कारण असू शकते. पिच मात्र इंजिनची उंची ठरल्यावरच बदला. अशा इंजिनांची पूर्ण थ्रॉटलची मर्यादा बहुधा 4,500 ते 5,500 असते, तुमची पुस्तिकेत बघून घ्या. पिच एक इंचाने बदलली की साधारण 150 ते 200 आरपीएमचा फरक पडतो.

मोजमाप शिवोलीच्या पुलाखाली भरती-ओहोटीच्या प्रवाहासोबत एकदा आणि उलट एकदा असे करून सरासरी घ्या. ती सरासरी, त्या वेळचा आरपीएम आणि पंख्यावर कोरलेले आकडे इथे लिहिलेत, तर पुढचा पंखा कोणता घ्यावा ते मी सांगेन.