जन्मनोंद नाही, मग पणजोबांच्या मागे कसं जायचं?

प्रश्न : आमचं मूळ गाव पन्हाळा तालुक्यात. आजोबा १९०५च्या आसपास जन्मले, पण त्यांच्या नावाची जन्मनोंद मिळत नाही. पणजोबांचं नाव विठोजी, एवढंच घरात माहीत आहे. त्यांच्या मागच्या पिढ्या शोधता येतील का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : येतील, पण जन्मापासून नव्हे, मृत्यूपासून मागे चला. जमीनवाला माणूस गेला की वारस लावावेच लागत. आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो आणि जुन्या कागदांवर सर्व्हे नंबर. आधी भूमी अभिलेख कार्यालयातून जुना सर्व्हे नंबर काढून घ्या, नाहीतर ‘नोंद आढळत नाही’ असं उत्तर येतं आणि माणसं तिथेच हात टेकतात. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात त्या नंबरचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, मागा. वारसाच्या फेरफारात मयताचं आणि वारसांचं नाव मिळतं. एक फेरफार म्हणजे एक पिढी.

तिथेच कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूंची नोंदवही (गाव नमुना १४), पाहा. त्यात बाळाचं नाव बहुधा नसतंच. बापाचं नाव, जात आणि ‘मुलगा’ एवढंच. आजोबांची नोंद न सापडण्याचं कारण हेच असू शकतं. विठोजी हे नाव धरून १९०० ते १९१० ची सगळी पानं चाळा.

कागद मोडीत असतील. मोडीत शब्द सुटे नसतात, म्हणून सरावलेला वाचकच गाठा. ‘रामजी बिन विठोजी’ म्हणजे विठोजीचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. आडनाव पुष्कळदा नसतंच. साल फसली (जुनं महसुली साल) असेल तर ५९० मिळवा : फसली १३१० म्हणजे जून १९०० ते जून १९०१. शकात ७८ मिळवा.

सगळ्यात मोठा घोळ नावांचा. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे दोन विठोजी सहज एक होतात. भावांची नावं आणि सर्व्हे नंबर दोन्ही जुळल्याशिवाय पिढी पक्की धरू नका. दत्तकही तपासा.

शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यामुळे आजोबांची धाकटी चुलत भावंडं शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडू शकतात. तिथली १ जून ही जन्मतारीख मात्र बहुतेक वेळा मास्तरांनी अंदाजाने लिहिलेली असते.

आणि हेळव्यांना विसरू नका. सुगीला येऊन घराण्याची वंशावळ वाचणारा तुमचा हेळवी कोण, हे भावकीतल्या म्हाताऱ्यांना आजच विचारा. ती माणसं गेली की हा धागा तुटतो. त्याच्या वहीतली नावं कागदाशी ताडून घ्या.

प्रश्न : गाव चंदगड तालुक्यात असेल तर?

उत्तर : चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं. कोल्हापुरात जुने कागद मिळाले नाहीत तर बेळगावला अर्ज करा आणि त्यात गावाचा तेव्हाचा तालुका लिहा.