संगीत शिकवणारी धर्मादाय संस्था पैशाच्या अडचणीत आली, तर आधी काय वाचवावं आणि काय सोडावं?

साठ विद्यार्थी, तीन शिक्षक, भाड्याचा हॉल आणि जेमतेम चार महिने पुरेल एवढी शिल्लक, असं तुम्ही लिहिलंय. मी तालुक्याच्या गावातल्या अशाच एका संगीत विद्यालयाचा खजिनदार आहे. मला गाता येत नाही, हिशेब लिहिता येतो. त्यामुळे उत्तर जरा रोखठोक वाटेल.

आधी आमची चूक सांगतो. 2020 मध्ये वर्ग बंद पडले तेव्हा कार्यकारिणीनं सगळ्यात पहिली कात्री लावली ती तबल्याच्या साथीच्या मानधनाला. ऑनलाइन वर्गात आवाज मागेपुढे पोचतो, साथ जमतच नाही, मग पैसे कशाचे, असा आमचा हिशेब. हॉलचं भाडं मात्र भरत राहिलो, कारण ‘जागा गेली की संस्था गेली’. वर्ग पुन्हा सुरू झाले तेव्हा जागा होती, पेट्या (हार्मोनियम) होत्या, तबल्याचे गुरुजी नव्हते. त्यांनी दुसऱ्या गावात शिकवण्या धरल्या होत्या. वर्षभर मुलं मोबाईलमधल्या ठेक्यावर गायली. तो ठेका बिनचूक असतो, पण पोर समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, चुकलं तर सांभाळून घेत नाही. मध्यमाच्या, म्हणजे मधल्या टप्प्याच्या संगीत परीक्षेत ते दिसलंच.

शास्त्रीय गायक विष्णु दिगंबर पलुसकरांचं बघा. 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, 1908 मध्ये मुंबईत. तिथली इमारत कर्ज काढून बांधली, ते फेडायला गावोगाव जलसे केले, आणि तरी ती लिलावात गेली. पण ज्या शिष्यांना पदरखर्चानं ठेवून घेऊन तयार केलं होतं, त्यांनी पलुसकरबुवा गेल्यावर 1931 मध्येच अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. त्यांच्यातल्याच विनायकबुवा पटवर्धनांनी 1932 मध्ये पुण्यात विद्यालय काढलं. तुमची मुलं प्रवेशिका ते विशारद या संगीताच्या परीक्षा देत असतील तर बहुधा त्याच मंडळाच्या.

म्हणून माझ्या मते पहिला पैसा मानधनाला. कमी करावंच लागलं तर सगळ्यांचं सारखं करा आणि तोंडावर सांगा. मग तबल्याची पुडी (वरचं कातडं) बदलणं, पेटीच्या भात्याची दुरुस्ती; रक्कम लहान असते, पण बेसूर पेटीवर कान बिघडतो. हॉल सोडा. संध्याकाळी शाळेचा वर्ग किंवा देवळाचा सभामंडप मागा, लोक देतात. गुरुपौर्णिमेला बाहेरचा कलाकार नको, मुलंच गाऊ देत. फीमाफीची मुलं मात्र कमी करू नका. ज्यांना झेपतं त्यांची फी वाढवा. आमच्याकडे दोन पालक कुरकुरले, गेलं कोणी नाही.

कायम निधीला (मुद्दल न मोडता जपायच्या देणगीला) हात लावण्याआधी देणगीदाराचं पत्र काढून वाचा आणि ऑडिटरना विचारा. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीच्या, मागे लागणार असाल तर आयकर सवलतीच्या नोंदण्या (12ए, 80जी या नावानं ओळखल्या जाणाऱ्या) आणि त्या निधीसाठीची सीएसआर-1 नोंदणी आधी तपासा. एप्रिल 2021 पासून ही शेवटची नोंदणी नसेल तर कंपनीला संस्थेकडे तो निधी देता येत नाही. आणि तो पैसा बहुतेक वेळा एखाद्या उपक्रमासाठी येतो, दर महिन्याच्या मानधनासाठी क्वचितच. त्यावर भिस्त ठेवू नका.

आमचे गुरुजी आता पुन्हा येतात, पण आठवड्यातून एकदाच, एसटीचं भाडं वेगळं धरून. पूर्वी तीनदा यायचे.