एफडी राहू द्या, आधी चॅनल कोणाचं ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही आणि तुमची मैत्रीण मिळून मूव्ही रिव्ह्यूचा शो काढताय, दोघींनी निम्मे निम्मे पैसे घालायचेत, तुमच्या वाट्यासाठी तुम्ही एफडी मोडणार आणि ती नोकरी सोडून फुल टाइम यातच उतरणार, तर हे बरोबर आहे का.

शो नक्की करा. एफडी मोडू नका. आणि नोकरी सोडायचं तर आत्ता नावही काढू नका.

साधा हिशेब बघा. यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर लागतात आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तासांचा वॉच टाइम. (शॉर्ट्सचा वेगळा रस्ता आहे, ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज, तो सोडून द्या.) ४००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. तुमचा रिव्ह्यू १२ मिनिटांचा धरला आणि लोक सरासरी ४ मिनिटं बघून निघून गेले, आणि जाणारच, कारण निम्म्यांना फक्त बघू का नको एवढंच हवं असतं, तर ६० हजार व्ह्यूज पाहिजेत. आठवड्याला एक व्हिडिओ टाकलात तर प्रत्येकाला साधारण ११५०, तेही पहिल्यापासून. बरं, वर्षभर एवढं जमवलंत तरी तेव्हा पैसे फक्त चालू होणार, त्यातले ५५ टक्के चॅनलला, त्याचे परत दोन वाटे, आणि मध्ये ट्रेलरची क्लिप वापरली आणि कॉपीराइट क्लेम आला तर त्या व्हिडिओची कमाई स्टुडिओकडेही जाऊ शकते. यावर घर कसं चालणार?

आता खर्च. तुमच्या यादीत कॅमेरा, लेन्स, लाइट सगळं आहे, पण तिकिटं कुठेच नाहीत! दोघींनी आठवड्याला एक पिक्चर बघायचा म्हणजे वर्षाला १०४ तिकिटं, वर ओटीटी. कॅमेरा एकदाच घ्यायचा असतो, हा खर्च मात्र थांबतच नाही. त्यामुळे सुरुवात फोनवर करा आणि पैसे घालायचेच असतील तर दोन कॉलर माइक घ्या, एका माइकवर दोघी एकदम बोलल्या की एकीचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो आणि लोक लगेच बंद करतात. चित्र जरा कमी असलेलं चालतं. पैसे दर महिन्याच्या पगारातून, हातखर्चातले. सहा महिन्यांच्या घरखर्चाची जी एफडी आहे तिला हात लावायचा नाही.

मला खरी काळजी आहे ती त्या निम्म्या-निम्म्याची. पैसे सारखे घालाल, पण एडिटिंग कोण करणार? चाळीस मिनिटं भांडलात त्याचे बारा मिनिटं करायला एकीची अख्खी रात्र जाते, आणि रिव्ह्यू शिळा व्हायच्या आत टाकायचा असतो. ती रात्र हिशेबात धरा, एडिट करणारीला जास्त टक्के द्या किंवा आळीपाळीने करा, पण आत्ताच लिहून ठेवा, नाहीतर सहाव्या महिन्यात ‘सगळं मीच करते’ सुरू होतं.

दुसरं, चॅनल ब्रँड अकाउंटवर काढा म्हणजे दोघींनाही ओनर होता येतं, एकीच्या पर्सनल जीमेलवर नको. अ‍ॅडसेन्स, म्हणजे जाहिरातींचे पैसे जिथे येतात ते गूगलचं खातं, मात्र एकीच्याच नावावर राहणार, म्हणजे सगळं इन्कम कागदावर तिचं दिसणार आणि टॅक्सचा प्रश्नही तिलाच येणार, म्हणून तो वजा करून मगच वाटणी.

आणि नाव. सिस्केल आणि ईबर्ट हे अमेरिकेतले दोघं १९७५ साली शिकागोच्या टीव्हीवर एकत्र आले तेव्हा दोन प्रतिस्पर्धी पेपरांचे समीक्षक होते. पुढे ‘टू थम्स अप’चा (दोघांचेही अंगठे वर, म्हणजे पिक्चर दोघांनाही आवडला) ट्रेडमार्क त्यांनी स्वतःकडे ठेवला, त्यामुळे २००७ मध्ये ईबर्टचं शो काढणाऱ्या कंपनीशी फिसकटलं तेव्हा शो कंपनीकडे राहिला पण अंगठे गेले. तुमच्यातली एक उद्या बाहेर पडली तर शोचं नाव कोणाकडे, जुने व्हिडिओ कोणाचे, त्यांची कमाई कशी वाटायची, एवढं एका कागदावर लिहा आणि दोघी सही करा. मैत्रिणीला कसं विचारू असं वाटत असेल तर माझं नाव सांगा.

बारा एपिसोड करून झाले की तिकिटांचा खर्च आणि एडिटिंगचे तास मला पाठवा, लेन्सचं मग बघू.