'ओपन स्काय'ला मराठीत काय म्हणायचं: मुक्त, मोकळं की खुलं?

प्रश्न असा आलाय, की 'ओपन स्काय'साठी, म्हणजे फेऱ्या आणि शहरं कंपन्यांवर सोडणाऱ्या दोन देशांमधल्या विमानसेवा करारासाठी, बातम्यांमध्ये एकदा 'मुक्त आकाश धोरण' दिसतं, एकदा 'खुले आकाश', आणि एका अनुवादात तर चक्क 'मोकळे आभाळ करार' वाचायला मिळालं, मग यातलं बरोबर कुठलं? शिवाय त्याच अनुवादात 'फिफ्थ फ्रीडम'चं (वाटेतल्या देशातून प्रवासी उचलून तिसऱ्या देशात नेण्याची विमान कंपनीला मिळणारी परवानगी) 'पाचवे स्वातंत्र्य' केलं होतं, ते वाचून हसू आलं, तर त्याला दुसरं काय म्हणता येईल?

माझं मत आधी सांगून टाकतो. विशेषण हवंच असेल तर 'खुलं'. पण बऱ्याच वाक्यांत आकाश आणायची गरजच नसते, कारण या करारांत भानगड असते ती सीटची, शहरांची आणि तिकिटांची, आकाशाची फारशी नसते.

आता 'खुलं'च का. रस्त्याचं उदाहरण घ्या. 'रस्ता मोकळा आहे' म्हणजे ट्रॅफिक नाही, सुसाट जा. 'पूल वाहतुकीसाठी खुला झाला' म्हणजे कालपर्यंत तो बंद होता, आणि कोणीतरी (बहुतेक पालकमंत्र्यांनी) फीत कापून तो उघडला. 'मुक्त' हल्ली कशाच्या तरी शेपटीला लागून येतो, खड्डेमुक्त, टोलमुक्त, हागणदारीमुक्त, तिथे त्याचा अर्थ 'ते नसलेला'. आणि तो पुढे आला, मुक्तछंद, मुक्त संचार, मुक्त विद्यापीठ, की बंधन नाही किंवा अटी फार नाहीत असा अर्थ निघतो. म्हणजे मोकळं ही नुसती स्थिती झाली, मुक्त म्हटलं की बंधनच नाही, आणि खुलं म्हटलं की मागे कुलूप आलं, किल्ली आली आणि ती किल्ली कोणाच्या तरी हातात आहे हेही आलं. व्याकरणातही फरक दिसतो बघा, 'खुला' नेहमी 'कोणासाठी' मागतो, किल्ला पर्यटकांसाठी खुला, पूल वाहनांसाठी खुला.

'मोकळे आभाळ' तर सोडूनच द्या. आभाळ हा शब्द अभ्रावरून आलेला, अभ्र म्हणजे ढग. 'आभाळ आलंय' म्हटल्यावर आपण गच्चीवरचं वाळवण आत घेतो. मोकळं आभाळ वाचून वाटतं पावसाने उघडीप दिलीये, दोन देशांनी सह्या केल्यात असं काही वाटत नाही.

तर कुलूप कुठलं? ७ डिसेंबर १९४४ला शिकागोमध्ये जो करार झाला त्याचं पहिलंच कलम सांगतं, की आपल्या भूमीवरच्या हवेवर त्या त्या देशाचं पूर्ण आणि एकट्याचं सार्वभौमत्व आहे. सहावं कलम म्हणतं, नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा त्या देशाच्या खास परवानगीशिवाय चालवता येणार नाही. म्हणजे सुरुवातच बंद दारापासून आहे. अमेरिकेला तेव्हाच सगळ्यांनी सगळ्यांना दारं उघडावीत असं हवं होतं, ब्रिटनला ते परवडणारं नव्हतं, एकमत झालं नाही आणि मग प्रत्येक देश दुसऱ्या प्रत्येक देशाशी वेगळी बोलणी करत बसला, १९४६चा बर्म्युडा करार (अमेरिका आणि ब्रिटनचा) हा त्यातला पहिला गाजलेला नमुना. यालाच विमानवाले 'बायलॅटरल' म्हणतात, सरकारी मराठीत 'द्विपक्षीय हवाई सेवा करार', आणि हा शब्द ठीक आहे, त्याला हात लावू नये.

मधल्या मधे एक शब्द मात्र आपल्या पेपरवाल्यांनी झकास रुळवलाय, 'हवाई हद्द'. पाकिस्तानने २०१९मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२५मध्ये भारतीय विमानांना जाऊ देणं थांबवलं, तेव्हा 'हवाई हद्द बंद' असंच सगळीकडे छापून आलं, 'आकाश बंद केलं' असं कोणी लिहिलं नाही. हद्द म्हटलं की मालकी, वहिवाट, शेजाऱ्याशी भांडण सगळं आपोआप येतं. 'हवाई क्षेत्र' त्यापुढे सपक वाटतं.

आता आकाश का नको ते. बायलॅटरल उघडून बघितलं तर त्यात मुख्य गोष्टी असतात त्या अशा: कोणती शहरं, आठवड्याला किती फेऱ्या किंवा किती सीट, आणि कोणत्या कंपन्या. भारत आणि दुबईमधला मामला घ्या. दोन्ही बाजूंना आठवड्याला साधारण ६६ हजार सीटचा कोटा, आणि त्यांच्या कंपन्यांनी भारतात कुठे उतरायचं त्या शहरांची यादी ठरलेली. (गंमत म्हणजे अबू धाबीचा कोटा वेगळा, तो २०१३मध्ये साडेतेरा हजारांच्या आतून एकदम ५० हजारांच्या आसपास नेला, अबू धाबीच्या एतिहादने जेट एअरवेजमध्ये हिस्सा घेतला त्या सौद्याच्या वेळी, आणि त्यावर बराच गदारोळ झाला होता.) या यादीतल्या शहराला इंग्रजी कागदात 'पॉइंट ऑफ कॉल' म्हणतात. 'आवाहन बिंदू' असला प्रकार करू नका हात जोडून विनंती, आपल्याकडे एसटीने 'थांबा' हा शब्द कधीचा देऊन ठेवलाय, 'अधिकृत थांबा' म्हणा, कोणालाही कळेल. पुणेकर नेहमी विचारतात ना की एमिरेट्स पुण्याहून का नाही, तर हेच उत्तर, पुणे त्यांचा अधिकृत थांबा नाही. भारतीय कंपनी पुण्याहून दुबईला विमान नेऊ शकते, दुबईची कंपनी पुण्यात उतरू शकत नाही. २०२२मध्ये यूएईने आणखी ५० हजार सीट मागितल्या आणि नव्या शहरांची यादी दिली त्यात पुणे होतं, गोवाही होतं. केरळातलं कन्नूर तर याचं सगळ्यात बोलकं उदाहरण, २०१८च्या डिसेंबरात एवढा मोठा विमानतळ सुरू झाला, आखातात जाणारी निम्मी वस्ती आजूबाजूला, पण परदेशी कंपन्यांना तिथे थांबाच नाही. धावपट्टी आहे, वर आकाश आहे, आणि दार बंद.

तर 'ओपन स्काय' करार म्हणजे ही यादी आणि हा कोटा काढून टाकायचा, किती फेऱ्या, कुठून कुठे, किती भाडं हे कंपन्यांनी ठरवायचं. अमेरिकेने नेदरलँड्सबरोबर १९९२मध्ये असा पहिला करार केला. भारत आणि अमेरिकेचा १४ एप्रिल २००५ला दिल्लीत झाला, आपल्या बाजूने तेव्हाचे विमान वाहतूक मंत्री प्रफुल्ल पटेल, आणि त्याने १९५६चा जुना करार बाजूला सारला. युरोप आणि अमेरिकेचा ३० मार्च २००८पासून लागू झाला, त्याआधी लंडनच्या हीथ्रोवरून अमेरिकेला जायचं तर ब्रिटनच्या दोन आणि अमेरिकेच्या दोन अशा चारच कंपन्यांना परवानगी होती, बाकीच्यांनी लंडनच्याच गॅटविक विमानतळाला जा.

पण म्हणून 'मुक्त' झालं का? नाही. युरोपच्या कंपनीला आजही न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस तिकिटं विकता येत नाहीत. अमेरिकन विमान कंपनीत परदेशी माणसाला मतदानाचा हक्क असलेले २५ टक्क्यांहून जास्त शेअर घेता येत नाहीत. विमानतळावर स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, मिळेलच याची खात्री कोणी देत नाही. इतक्या अटी शिल्लक असताना मुक्त म्हणणं म्हणजे वाचकाची फसवणूक.

आणि आपलं २०१६चं राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरण वाचलं तर 'खुलं'मधला 'कोणासाठी' किती महत्त्वाचा ते दिसतं. त्यात म्हटलंय की सार्क देशांशी, आणि ज्यांचा सगळा भूभाग दिल्लीपासून ५००० किलोमीटरच्या पलीकडे आहे अशा देशांशी, परस्पर तत्त्वावर ओपन स्काय करार करू. हा ५००० आकडा उगाच आलेला नाही. नकाशावर दिल्लीत टोक रोवून कंपास फिरवलात तर दुबई, दोहा, सिंगापूर सगळे वर्तुळाच्या आत येतात, म्हणजे बरोबर तेच देश, ज्यांच्या कंपन्या आपला प्रवासी उचलून स्वतःच्या विमानतळावर विमान बदलून युरोप-अमेरिकेला किंवा ऑस्ट्रेलियाला पोचवतात. लांबच्यांना दार उघडं, जवळच्यांना मोजून मापून. चांगलं की वाईट तो वेगळा वाद (मला विचाराल तर आपल्या कंपन्या वाचवण्याचं बिल शेवटी प्रवाशाच्या तिकिटात येतं), पण याला 'मुक्त आकाश' म्हणणं मात्र काही जमत नाही.

दुसरा घोळ असा की 'ओपन स्काय' हे एकच लेबल तीन वेगळ्या गोष्टींवर चिकटलंय. एक हा वरचा. दुसरा आपल्या देशातला, १९५३च्या कायद्याने विमानसेवा सरकारकडे गेली होती, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ईस्ट-वेस्ट, दमानिया, जेट, मोदीलुफ्त अशा खासगी कंपन्यांना आत घेतलं आणि १९९४मध्ये तो कायदाच रद्द झाला, तेव्हाच्या बातम्यांत यालाही ओपन स्काय धोरण म्हटलंय. त्याचा परदेशाशी काही संबंध नाही, तिथे सरळ 'खासगी विमान कंपन्यांना परवानगी' लिहावं. तिसरा लष्करी, १९९२मध्ये हेलसिंकीत सही झालेला आणि २००२पासून लागू झालेला करार, ज्यात सदस्य देश एकमेकांवरून बिनशस्त्र विमानं उडवून तळ आणि रणगाडे वगैरे बघून येत. अमेरिका २०२०मध्ये त्यातून बाहेर पडली, पुढच्या वर्षी रशियाही. तेव्हा काही ठिकाणी 'अमेरिकेची मुक्त आकाश करारातून माघार' असं वाचून लोकांना वाटलं आता विमानं बंद होणार की काय. याला 'परस्पर हवाई पाहणी करार' म्हटलं असतं तर प्रश्न मिटला असता, हवाई पाहणी काय असते हे दर पुरात मुख्यमंत्र्यांमुळे महाराष्ट्राला पाठ आहे.

जाता जाता, इंग्रजीत ते 'स्काइज' असं अनेकवचन असतं, मराठीत त्याच्या मागे लागू नये. 'खुली आकाशे' म्हटलं की कवितासंग्रह वाटतो.

आता 'फ्रीडम'. स्वातंत्र्य आपण मिळवतो, त्यासाठी लढतो, आणि ते सहसा मोजत नाही. इथे तर क्रमांक आहेत, ते समोरचा देतो आणि मनात आलं तर काढूनही घेतो. त्याला मराठीत नेमका शब्द आहे, 'मुभा'. अरबीतल्या 'मुबाह'वरून आलेला, चालेल-हरकत-नाही अशा अर्थाचा. 'सवलत' नको, त्यात तिकिटावरची सूट डोकावते, आणि 'हक्क' हा शब्द 'ट्रॅफिक राइट्स'साठी (प्रवासी आणि माल नेण्याच्या अधिकारांसाठी) राखून ठेवा, 'वाहतूक हक्क' म्हणून.

मग पहिली मुभा, तुमच्या हद्दीवरून न उतरता जाणं. दुसरी, फक्त इंधन वगैरेसाठी उतरणं, माणसं चढवायची-उतरवायची नाहीत. तिसरी, माझ्या देशातून तुमच्याकडे प्रवासी आणणं, चौथी, तुमच्याकडून माझ्याकडे नेणं. या दोन जोडीनेच येतात, कारण नुसतं सोडून रिकामं कोण परतणार. पाचवी जरा चावट आहे. माझं विमान माझ्या देशातून निघालं, वाटेत दुसऱ्या देशात थांबलं आणि तिथले नवे प्रवासी घेऊन तिसऱ्या देशात गेलं. जेट एअरवेज २००७पासून मुंबई–ब्रसेल्स–नेवार्क उडवायची, त्यात ब्रसेल्सला चढून नेवार्कला उतरणारा बेल्जियन माणूस म्हणजे पाचवी मुभा, आणि तिला बेल्जियम आणि अमेरिका दोघांचीही मान्यता लागते. याला आपल्याकडे आरटीओच्या भाषेत तयार शब्द आहे, 'टप्पा वाहतूक'. पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्सने नगरला माणूस उतरवून तिथून संभाजीनगरचा पॅसेंजर भरला, तर एसटीवाले तक्रार करतात ना, अगदी तसंच. 'पाचवी मुभा, म्हणजे वाटेतल्या देशातून टप्पा वाहतूक' एवढं लिहिलं की मराठी वाचक पुढे एकही प्रश्न विचारणार नाही.

सहावी मुभा म्हणजे चौथी आणि तिसरी एकाला एक जोडलेली, मुंबईचा माणूस दुबईला आणायचा आणि तिथून न्यूयॉर्कला न्यायचा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना पहिल्या पाचांनाच अधिकृत मानते, पुढच्या सगळ्यांच्या आधी 'तथाकथित' लावते. आखाती कंपन्यांचा सगळा संसार या तथाकथित सहावीवर उभा आहे.

सातवीत स्वतःच्या देशाला स्पर्शच न करता दोन परक्या देशांमध्ये फेऱ्या मारायच्या. आठवी आणि नववी म्हणजे परदेशी कंपनीने तुमच्याच दोन शहरांमध्ये प्रवासी नेणं, आठवीत विमान स्वतःच्या देशातून येता-जाता हे करतं, नववीत तेही नाही. या दोघींना मिळून 'कॅबोटाज' म्हणतात, शब्द मूळचा फ्रेंच, किनाऱ्याकिनाऱ्याने बंदरं घेत चालणाऱ्या जहाजांचा. त्याला सुटसुटीत मराठी शब्द मला अजून कुठला पटलेला नाही. नुसतं 'देशांतर्गत वाहतूक' म्हटलं तर इंडिगोही त्यात येते, म्हणून लांब वाटलं तरी 'परदेशी कंपनीची देशांतर्गत वाहतूक' असं पूर्ण लिहावं, आणि पुढे तोच शब्द पुन्हापुन्हा येणार असेल तर एकदा हे सांगून खुशाल कॅबोटाज वापरावा.